वास सुटेना, आई येईना

एक होती खाडी. खाडीकाठी होतं एक घर. घरात होती एक मोरी. आणि मोरीच्या कडेने चालली होती चिचुंद्रीबाई. मागे तिची पोरं.

चिचुंद्रीची पोरं कशी चालतात, ठाऊक आहे? रांगेने. पहिलं पोर आईची शेपटी धरतं. हातात नाही हं, तोंडात. दुसरं पोर पहिल्याची शेपटी धरतं. तिसरं धरतं दुसऱ्याची. झाली आगगाडी. तुरुतुरु, तुरुतुरु.

अगदी शेवटी होती चिचू. सगळ्यांत धाकटी. शेंगदाण्याएवढी. तिची शेपटी धरायला मागे कुणी नव्हतं.

त्या दिवशी बिऱ्हाड हलत होतं. जुनं बीळ सोडायचं. नव्या बिळात जायचं. तुरुतुरु, तुरुतुरु. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक वास आला. कोळंबीचा वास. कच्च्या कोळंबीचा, ओला ओला, खारा खारा. चिचूचं नाक हललं. चिचूचं तोंड उघडलं.

"अहाहा," म्हणाली चिचू.

झालं. तोंड उघडलं, शेपटी सुटली.

आगगाडी गेली पुढे. आईला काय ठाऊक? तिला वाटलं, आहेत सगळी मागे. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली. गेली. गेली.

राहिली चिचू. एकटी.

"चिक," म्हणाली चिचू. कुणी ओ दिली नाही. "चिक चिक." तरी कुणी नाही. मोरी कालचीच होती. भिंत कालचीच होती. पण आज ती केवढी मोठी वाटायला लागली. चिचूला रडू आलं.

भिंतीवर होती एक पाल. घाईत होती. पाली नेहमी घाईतच असतात.

"पालताई, पालताई, माझी आई कुठे?"

"चुक चुक. वाट बघ," म्हणाली पाल. आणि फळीमागे गेली.

चिचू शहाणं पोर. सांगितलेलं ऐकणारं. ती उंबऱ्यावर गेली आणि वाट बघायला बसली. म्हणजे खरोखरच वाट बघायला बसली. दारापुढची, लाल मातीची. पण चिचुंद्रीचे डोळे म्हणजे मोहरीचे दाणे. त्यांना दिसणार किती? वाट दिसेना. वाटेचं वळण दिसेना. दिसलं नुसतं पिवळं पिवळं ऊन.

मग चिचूने वाट हुंगली. नाक तिचं पक्कं. वाटेला मातीचा वास होता. कोंबडीचा वास होता. शेणाचा वास होता. आईचा वास नव्हता. मोरीत मघाशीच कुणीतरी पाणी ओतलं होतं. आईच्या पावलांचा वास त्या पाण्याबरोबर वाहून गेला होता.

चिचू बसली विचार करत. आई लांब गेली. आईलाही दिसत नाही. आई चालते नाकाने. मग इथून मोठा वास सुटला तर? चुलीवरच्या कोळंबीचा? तो वास आईला कुठेही लागतो. वास लागला की आई येते. नेहमी येते. असा विचार केला आणि चिचू उठली.

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचू गेली चुलीपाशी.

चुलीपाशी बसली होती चांगुणामावशी. घर तिचंच. भिंतीला पाठ, गुडघ्यावर हात. समोर परातीत कोळंबी. शेजारणीने ताज्या कोळंबीचा एक वाटा दिला होता. मावशीने ती सोलली. पाठीतला काळा दोरा काढला. हळद लावली, मीठ लावलं. आणि मग तशीच बसून राहिली. चूल पेटवली नाही. तिची लेक वेणू कालच खाडीपलीकडे शिकायला गेली होती. आता घरात मावशी एकटी.

"मावशी, मावशी, कोळंबी रांध.
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

"अगो, लांब उभी राहा. वास येतो तुझा," म्हणाली मावशी. "आणि एकटीपुरतं कोण रांधतंय गो? घरात वाटण नाही. पाट्याला सांग, वाटण दे. मग रांधीन."

खरं सांगू? वाटणाचं नुसतं निमित्त. मावशीला जेवायचंच नव्हतं. समोर दुसरं ताट नसलं की भूक कुठे लागते?

पण चिचूला ते काय ठाऊक? मावशी म्हणाली पाट्याला सांग, चिचू निघाली पाट्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पाटा उभा होता कोपऱ्यात. भिंतीला टेकून. तोंड भिंतीकडे. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"पाटेकाका, पाटेकाका, वाटण दे.
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

"लांब उभी राहा. वास येतो तुझा," म्हणाला पाटा. "वाटण देईन. पण वाटू काय? खोबरं नको? माडाला सांग, नारळ टाक. मग वाटीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीच्या कडेकडेने. चिचुंद्र्या नेहमी भिंतीला धरून चालतात. भिंत सोडली की त्यांच्या पोटात गोळा येतो. घराची भिंत संपली, परसाचा दगडांचा गडगा लागला. गडग्याला धरून चिचू गेली माडापाशी.

माड उंच. उंच. उंच. वर त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. म्हणून त्याची बोलायची सवयच गेली होती.

"माडआजोबा, माडआजोबा, नारळ टाक.
पाटा वाटेना,
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

माड गप्प. चिचूला वाटलं, झोपला वाटतं. मग बऱ्याच वेळाने वरून आवाज आला.

"लांब उभी राहा. वास येतो तुझा," म्हणाला माड. एवढ्या उंचावर कसला डोंबलाचा वास जातोय, पण सगळे म्हणतात म्हणून तोही म्हणाला. "नारळ टाकीन. पण मला हलवेल कोण? वाऱ्याला सांग, वाहा. मग टाकीन."

"वारा कुठे असतो?"

"सुरूच्या बनात. पार तिकडे."

आणि पार तिकडे जायला भिंतच नव्हती. गडगा संपला. पुढे नुसती वाळू. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. चिचू थांबली. पुढे आईची शेपटी असती, तर तिला भिंतीची गरजच पडली नसती.

तुरु. थांबली. तुरु. थांबली. तुरु तुरु. गेली एकदाची.

सुरूच्या बनात वारा निजला होता. सुरूच्या काड्यांवर, पसरून. एक काडी हलत नव्हती.

"वारोबा, वारोबा, वाहा.
माड नारळ टाकेना,
पाटा वाटेना,
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

"आ… आ… आच्छी," वारा शिंकला. "लांब उभी राहा. वास येतो तुझा." मग कूस बदलून म्हणाला, "वाहीन. पण कुणासाठी वाहू? शीड असलं की मी त्यात शिरतो. शिडाशी दोन गोष्टी बोलतो. शीड नाही तर नुसतं काय हिंडायचं? होडीला सांग, शीड उघड. मग वाहीन."

आणि पुन्हा झोपला. घुर्र… घुर्र…

तुरुतुरु, तुरुतुरु. चिचू गेली खाडीकडे. तिथे वाळू संपली, गाळ लागला. गाळात चालताना तुरुतुरु होत नाही. गाळात होतं पचक पचक. पचक पचक, पचक पचक.

गाळात होडी पडली होती. आडवी. एका कुशीवर. ओहोटीचं पाणी गेलं आणि तिला मागे ठेवून गेलं.

"होडीताई, होडीताई, शीड उघड.
वारा वाहेना,
माड नारळ टाकेना,
पाटा वाटेना,
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

आता चिचू स्वतःच लांब सरकली. तिला ठाऊक होतं, आता काय ऐकायला मिळणार. पण होडी म्हणाली, "अशी लांब का उभी?"

"माझा वास येतो ना."

"येऊ दे की. माझ्या पोटात काय अत्तर ठेवलंय? जन्मभर मासळी वाहिली मी. ये, टेक जरा."

चिचू टेकली. होडीची फळी उन्हाने गरम झाली होती. चिचूला वाटलं, इथेच राहावं. डोळे मिटावे. पण होडी काही आई नाही.

"शीड उघडीन गं," म्हणाली होडी. "पण ही बघ मी, आडवी. आडव्या होडीने शीड उघडलं तर लोक हसतील. भरतीला सांग, चढ. मग उघडीन."

पचक पचक, पचक पचक. चिचू निघाली. गाळ लांबच लांब. संपता संपेना. पाय बुडाले. पोट माखलं. शेपटी माखली. नाक तेवढं वर.

भरती होती खाडीच्या पार तोंडाशी. पाणी पसरून निवांत पडली होती. लुप लुप. लुप लुप.

"भरतीबाई, भरतीबाई, चढ.
होडी शीड उघडेना,
वारा वाहेना,
माड नारळ टाकेना,
पाटा वाटेना,
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

"आँ?" म्हणाली भरती. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

घ्या. आता सगळं पुन्हा सांगायचं. चिचूचा आवाज बारीक. तुम्ही म्हणा तिच्याबरोबर. म्हणजे मोठा होईल.

"भरतीबाई, भरतीबाई, चढ.
होडी शीड उघडेना,
वारा वाहेना,
माड नारळ टाकेना,
पाटा वाटेना,
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

"असं होय," म्हणाली भरती. "लांब उभी राहा. वास येतो तुझा. चढेन मी. पण मला कुणी बोलावलंच नाही. न बोलावता कुणाच्या दारी कशी जाऊ? रोज टिटवी हाक मारते, टिव टिव टिव. मग मी निघते. आज ती गप्प आहे. टिटवीला सांग, हाक मार. मग चढेन."

चिचू दमली होती. पाय दुखत होते. ऊन उतरायला लागलं होतं. तरी निघाली. पचक पचक. मग तुरु तुरु.

टिटवी बसली होती खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर. खड्यांमध्ये, खड्यासारखी. हलत नव्हती. बोलत नव्हती. टिटवी आणि गप्प? कधी ऐकलंय?

"टिटवीकाकू, टिटवीकाकू, हाक मार.
भरती चढेना,
होडी शीड उघडेना,
वारा वाहेना,
माड नारळ टाकेना,
पाटा वाटेना,
मावशी रांधेना,
वास सुटेना,
आई येईना.
मला करमेना."

"श्श… हळू बोल," म्हणाली टिटवी. "आणि लांब उभी राहा. वास येतो तुझा."

चिचू लांब उभी राहिली.

"मी हाक मारते ती उडताना," टिटवी हळूच म्हणाली. "पण आज उडू कशी? पोटाखाली अंडी आहेत माझी. मी उठले की ती उघडी पडली. आणि बांधावर धामण फिरतेय. सकाळपासून फिरतेय मेली. म्हणून मी उठत नाही. म्हणून मी बोलत नाही. कुणी अंड्यांपाशी बसलं, तर मारीन हाक."

"कुणाला सांगू मग?" चिचूने विचारलं.

टिटवीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"कुणाला सांगणार? इथे कुणीच नाही."

खरंच कुणी नव्हतं. मागे गाळ. पुढे पाणी. वर आभाळ. इतका वेळ प्रत्येकाने पुढच्याचं नाव सांगितलं होतं. आता पुढचं नावच उरलं नाही. चिचूला तेव्हा जेवढं एकटं वाटलं, तेवढं मोरीतसुद्धा वाटलं नव्हतं. ती तिथेच बसली. नाक पायात घातलं.

मग नाक बाहेर काढलं.

"मी बसते," म्हणाली चिचू.

"तू? शेंगदाण्याएवढी?"

"मी बसते."

"धामण केवढी असते, ठाऊक आहे?"

"नाही," म्हणाली चिचू. "मी बसते."

टिटवीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. दुसरं होतंच कोण? टिटवी उठली. चिचू अंड्यांपाशी बसली. अंडी गरम होती. आईच्या पोटासारखी. टिटवी पंख झाडून उडाली. फड फड फड. आणि चिचू एकटी उरली.

तिने अंड्यांना अंग लावलं. मनातल्या मनात म्हणायला लागली. भीती वाटली की असं काहीतरी म्हणावं.

टिटवी ओरडेना,
भरती चढेना,
होडी शीड उघडेना…

सळ.

सळ सळ.

सळ सळ सळ.

गवत हललं. धामण आली. लांब. लांब. लांब. तिचं तोंड आलं, तरी शेपटी अजून यायचीच होती. तिने जीभ बाहेर काढली. लप लप. धामण जिभेने वास घेते. लप लप.

"शी," म्हणाली धामण. "कोण आहे हे? चिचुंद्री? शी शी शी. लांब हो बघू."

 चिचू हलली नाही. सकाळपासून एका होडीशिवाय सगळ्यांनी तिला लांब केलं होतं. मावशीने केलं. पाट्याने केलं. माडाने केलं. आता पुरे.

"मी नाही," म्हणाली चिचू. "तूच लांब उभी राहा. वास येतो माझा."

धामणीने पुन्हा जीभ काढली. लप. लगेच आत घेतली. तोंड वेंगाडलं.

"नको गं बाई ती अंडी. त्यांनाही तुझा वास लागला असेल," म्हणाली धामण. आणि वळली. सळ सळ सळ. सळ सळ. सळ. गेली.

आणि वर आभाळात काय झालं?

"टिव टिव टिव! टिव टिव टिव!"

टिटवी ओरडली.
भरती चढली.
होडी सरळ झाली. फड्‌ करून शीड उघडलं.
वारा वाहिला. आधी शिडात शिरला. शिडाशी दोन गोष्टी बोलला. मग सुटला गावभर.
माड हलला. इकडे झुकला, तिकडे झुकला. आणि नारळ टाकला.

धप्प.

टिटवी खाली आली. अंडी पाहिली. एक, दोन, तीन, चार. सगळी जिथल्या तिथे. तिने चिचूकडे पाहिलं.  चोचीने तिच्या पाठीवरचा गाळ तेवढा काढला. अगदी जवळ येऊन काढला. मग म्हणाली, "पळ आता. पाणी चढतंय."

चिचू पळाली. बांधाबांधाने पळाली, तुरुतुरु, तुरुतुरु. मागे पाणी, लुप लुप. वारा तिला मागून ढकलत होता. वाळू आली. गडगा आला. भिंत आली. भिंतीला अंग लागलं आणि चिचूच्या जिवात जीव आला.

घरात चांगुणामावशी तशीच बसली होती. पण तिने 'धप्प' ऐकलं होतं. नारळ पडला की गप्प बसवत नाही कुणाला. मावशी परसात गेली. नारळ उचलला. हलवून पाहिला. आत पाणी डुचमळलं.

"पडलाच आहेस, तर फोडते आता," म्हणाली मावशी.

सोलला, फोडला. खट्‌. पाणी प्यायली. खोबरं खवलं. मग कोपऱ्यातला पाटा आडवा केला. धुतला, पुसला. खोबरं, लाल मिरची, धणे, लसूण. वरवंटा फिरला.

घर्र घर्र. घर्र घर्र.

पाट्याने वाटण दिलं. केवढं छान वाटलं त्याने. अगदी मऊ. भिंतीकडे तोंड करून कंटाळला होता बिचारा.

मावशीने चूल पेटवली. फू. फू. फू. टोप ठेवला. तेल टाकलं. लसूण ठेचून टाकला.

चर्र्र.

मग कोळंबी टाकली. कोळंबी आधी असते सरळ. आच लागली की वळते. वळते, वळते, गोल होते आणि गुलाबी होते. गोल झाली की झाली. कोळंबीला वेळ लागत नाही. जास्त शिजवणारा फसतो, मग बसतो चघळत. मावशी काही फसणारी नव्हती. तिने वाटण टाकलं. पाणी टाकलं. दोन आमसुलं टाकली.

रट रट. रट रट.

मावशीने रांधलं. वास सुटला.

आणि कसला वास. टोपातून निघाला. खिडकीतून गेला. वाऱ्याने त्याला पाठीवर घेतलं. परसातून नेला, गडग्यावरून नेला, बांधावरून नेला. पार तिकडे.

चिचू मोरीच्या तोंडाशी बसली. नाक बाहेर.

वास सुटला. आई येईना.

चिचू थांबली. टोप रटरटला. मावशीने खाली उतरवला. कालचा भात ताटात घेतला. तरी आई येईना. चिचूला वाटलं, आई फारच लांब गेली. वाऱ्याच्याही पलीकडे.

तुरुतुरु.

चिचूचे कान हलले.

तुरुतुरु, तुरुतुरु.

मोरीच्या भोकातून एक नाक आत आलं. लांबट, ओलं, हलतं. नाकामागून आई. आईच्या शेपटीला पहिलं पोर. पहिल्याच्या शेपटीला दुसरं. दुसऱ्याच्या शेपटीला तिसरं.

आई आली.

आईने चिचूला हुंगलं. नाकापासून हुंगलं, शेपटीपर्यंत हुंगलं. गाळ होता तिथे हुंगलं, नव्हता तिथे हुंगलं. पुन्हा पहिल्यापासून हुंगलं.

"तिसरं रडत होतं गं," आई म्हणाली. "म्हणत होतं, माझी शेपटी हलकी लागते. मला कळेचना, असं काय म्हणतं."

तिसऱ्याने आपली शेपटी चिचूपुढे केली. चिचूने धरली. घट्ट.

चांगुणामावशी पाहत होती. नाकाला पदर नव्हता लावला. तिने एक करवंटी घेतली. त्यात भात घातला. कालवण घातलं, चार कोळंब्या घातल्या. निवू दिलं. आणि करवंटी मोरीपाशी ठेवली.

"घ्या गो, तुमचा वाटा," म्हणाली मावशी.

वाट हुंगली, वाटा मिळाला. चिचूने शेपटी सोडली. आता सोडायला हरकत नव्हती. सगळी करवंटीभोवती बसली. चब चब. चब चब.

मावशीने आपलं ताट उचललं. आणि तीही मोरीशेजारी येऊन बसली, पाट मांडून. वेणू नव्हतीच. वेणूची जागा रिकामीच होती. तिच्या आठवणीने मावशीचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच ती जेवली. पण जेवली. पोटभर जेवली. ताट पुसून खाल्लं.

नव्या बिळाचं काय झालं? राहिलं. आईने जुन्याच बिळात पोरं नेली, मोरीच्या कडेचं ते. रांगेने. चिचू सगळ्यांत शेवटी.

मावशीने हात धुतले. खाली वाकली. बिळाच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि हळूच विचारलं,

"उद्या काय रांधू गो?"

कालवण गेलं तळाला,
चिचू गेली बिळाला,
आणि तुम्ही चला अंथरुणाला.